दोघांपुरती सवड

जोडीच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि झिजत होती एकच. एवढी ढळढळीत गोष्ट चौदा महिने कुणाच्या लक्षात येऊ नये, कमालच म्हणायची! पण त्या इमारतीतल्या सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले. खुर्चीकडे बघायला फुरसत कुणाला?

इमारत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीची. वरच्या मजल्यावर गेम रचणारे बसत, मधल्या मजल्यावर चित्रं काढणारे, आणि तळमजल्यावर गेम बाजारात जाण्याआधी खेळून बघणारे. मावशी तळमजल्यावरची. वय एकोणपन्नास, इमारतीत सगळ्यांत थोरली, म्हणून साहेबांपासून झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांची मावशीच. आधी बावीस वर्षं ती एका कचेरीत टायपिस्ट होती. कचेरीने टायपिस्टच मोडीत काढले, तेव्हा ती इथे आली. कंपनीला त्या वेळी जन्मात गेम न खेळलेलं माणूस हवं होतं, नवखा कुठे अडखळतो ते बघायला. मावशी महिनाभर मनापासून अडखळली. मग अडखळायची थांबली, आणि तिला काढून टाकायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

तर तो गेम. दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या हाती बंदूक, दुसऱ्याच्या हाती शक्ती. समोरून येणारे राक्षस दगडी कातडीचे; नुसती गोळी झाडली तर टणकन आपटून परत. शक्तीवाल्याने हात उगारला की राक्षस जागच्या जागी थिजायचा, कातडी तडकायची, आणि ती पुन्हा सांधली जाईपर्यंत बंदूकवाल्याने गोळी घातली तर एका गोळीत काम तमाम. शिवाय गोळी लागली की शक्तीवाल्याची संपलेली शक्ती परत भरायची. म्हणजे याच्यावाचून त्याचं अडायचं आणि त्याच्यावाचून याचं. ज्यांना हे झंझट नको त्यांनी दोघांनीही बंदुकाच घ्याव्यात; शे-दोनशे गोळ्या ओतल्या की राक्षस कसाबसा पडतो.

कातडी तडकलेली राहते त्या वेळेला वरच्या मजल्यावर 'विंडो' म्हणत. मावशी म्हणायची 'सवड'.

या सवडीवरून वर दोन तट होते. एक बंदुका रचणारा, त्याला सगळे धडाम म्हणत. "लोक गोळ्या झाडायला येतात हो, हातवारे करायला नाही," हे त्याचं पालुपद. "तुमच्या शक्ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड." दुसरा शक्तींचे आकडे बसवणारा. तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यासाठी भांडायचा म्हणून त्याचं नाव पडलं दशांश. तीन वर्षं त्याने त्या थिजवणाऱ्या शक्तीवर घालवली होती. धडामला ती काढून टाकायची होती, दशांशला ती जगवायची होती, आणि साहेब दोघांनाही "बघू, आकडे काय म्हणतात" एवढंच म्हणत.

आकडे यायचे मावशीच्या खोलीतून. बाकीचे खेळून बघणारे मोठ्या हॉलमध्ये, कानांवर हेडफोन चढवून, एकेकटे. अख्ख्या इमारतीत जोडीने खेळणारी खोली ही एकच. मावशीकडे शक्ती, आणि तिच्या उजवीकडे बंदूक घेऊन लांब्या. नावाप्रमाणेच लांब, पाय टेबलाखालून पलीकडे निघायचे. खेळताना तोंडाचा पट्टा सुरू. "मावशी, थिजवा! अहो थिजवा की! झोपलात काय?" दोन वर्षं दोघं शेजारी बसली, भांडली, एकाच डब्यातून खाल्लं. मग लांब्याला दुसऱ्या शहरात बरी नोकरी लागली आणि तो गेला. जाताना म्हणाला, "फोन करत जाईन." सुरुवातीला दोनदा केलाही.

साहेबांनी सांगितलं, नवा माणूस पुढच्या सोमवारी. सोमवार गेला. पुढचाही गेला. मावशी आपली दारापाशी पावलं वाजली की मान वर करायची.

तिसऱ्या सोमवारी तिने बसून राहायचं सोडलं. खेळ तर व्हायला हवा होता. बंदुकीचा कंट्रोलर टेबलावर उजव्या हाताखाली ठेवला, शक्तीचा मांडीवर डाव्या हातात घेतला. चालणं-फिरणं आधी उरकून घ्यायचं, दोन्ही गड्यांना जागेवर उभं करायचं, मग डाव्याने थिजवायचं आणि उजव्याने गोळी. पहिल्या दिवशी तिरपीट उडाली. पण बावीस वर्षं टाइप केलेले हात ते! आठवड्याभरात एकमेकांना ओळखायला लागले. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मावशीने दोन्ही हात आपलेच वापरले, आणि टाळी अशी वाजली की बोलायची सोय नाही.

संध्याकाळी दिवसाचा फॉर्म भरायचा असायचा. 'खेळाडू एक' मध्ये तिने स्वतःचं नाव घातलं, 'खेळाडू दोन' रिकामा ठेवला. यंत्राने लाल अक्षरांत सांगितलं, दुसऱ्या खेळाडूचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. आता काय करावं? तिने लांब्याचं नाव घातलं. फॉर्म गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. फसवायचं असं तिच्या मनात तसूभरही नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.

घरीही तिचं याहून वेगळं नव्हतं. दोन खोल्यांत ती आणि तिची ताई राहायच्या. ताई मुलीच्या बाळंतपणाला म्हणून चार महिन्यांसाठी गेली. तो नातू आता शाळेत जातो. रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलीस का? बरं, ठेवते, इथे पोरं ओरडतायत." संध्याकाळी मावशी पत्ते काढायची, दोन डाव वाटायची, आपला उचलायची, खेळायची, मग उठून समोर बसून ताईचा खेळायची. ताईच्या जागी बसल्यावर मघाचे स्वतःचे पत्ते आठवायचे नाहीत असा तिचा नियम होता. बहुतेक वेळा ताईच जिंकायची.

तर आकडे. वर दशांशच्या लक्षात आलं की जोडी गोळी फार लवकर घालते. दोन सेकंदांची सवड, आणि यांची गोळी पाव सेकंदात! शंभरांतल्या सत्त्याण्णव वेळा लागतेच. मग खेळात मजा ती काय राहिली? त्याने संदेश धाडला: "मावशी, तुमच्या जोडीला फार सोपं जातंय. विंडो कमी करतोय." दोनाचे सव्वा झाले. सव्वाचा पाऊण. मग अर्धा. दर वेळी मावशीचे हात तेवढ्यात काम उरकायचे, आणि दर वेळी वरून यायचं, "कमाल आहे तुमच्या जोडीची!" मावशी उत्तर धाडायची, "अजून कमी करून बघ. आम्ही बघतो." आम्ही! एवढा एक शब्द टाइप करताना तिचा ऊर भरून यायचा. शेवटी सवड शून्य पॉइंट चारवर आली, आणि दशांशने आकडा कायम केला.

मग बाहेरच्या माणसांना बोलावलं. आठ जोड्या. नवराबायको, बहिणी-बहिणी, दोन मित्र, एक बाप आणि त्याची कॉलेजातली मुलगी. हॉलमध्ये त्यांना बसवलं आणि मावशीला सांगितलं, मागे उभ्या राहा, कुणाला काही अडलं तर सांगा.

अडलं की हो, सगळ्यांचंच अडलं! गोळी कुणाची लागेना. नवरा म्हणाला, "अगं, थिजवलंस तर सांगशील की नाही?" बायको म्हणाली, "सांगितलं ना! तुला कधी ऐकू आलंय माझं?" त्यांचं भांडण गेममधून निघून थेट घरच्या पंख्याच्या दुरुस्तीपर्यंत पोचलं. बहिणींनी अबोला धरला. बाप-लेक मात्र चिकाटीचे. लेक शक्ती चालवत होती. थिजवलं की ओरडायची, "बाबा, आता!" आणि तिच्या तोंडून 'आता' पुरतं निघेपर्यंत राक्षस हलून उभा. बापाची गोळी टणकन परत. "बाबा, आता!" टण. "आता!" टण. विसाव्या वेळी बाप ओशाळून म्हणाला, "सोनू, माझं वय झालं गं."

मावशी त्यांच्या मागेच उभी होती. नुसतं 'आता' म्हणायलाच अर्धा सेकंद लागत होता. तिच्या डाव्या हाताने उजव्याला कधी 'आता' म्हटलं होतं? गरजच नव्हती. ते शून्य पॉइंट चार कुठल्याच जोडीचे नव्हते. ते एकट्या बाईचे होते, आणि त्यात आठ जोड्या कोंबून बसवल्या होत्या.

दुपारपर्यंत सगळ्यांनी शक्ती सोडून बंदुका घेतल्या. बाप-लेकही शेजारी बसून, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, गोळ्या ओतत राहिली. धडाम हॉलमधून हात चोळत गेला.

चार वाजता दशांश तळमजल्यावर आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा! एरवी वर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. दारातच उभा राहिला, चेहरा उतरलेला.

"मावशी, उद्या दहाला साहेब निकाल लावणार. शक्ती काढून टाकायची म्हणतात. दोघांनाही बंदुका. माझी तीन वर्षं पाण्यात. तुमची ही खोलीही बंद." मग घाईने म्हणाला, "पण तुमच्या जोडीला जमतं ना! तुम्ही दोघं वर या. साहेबांसमोर खेळून दाखवा. एवढं कराल माझ्यासाठी?"

"जोडीदार आज आलेला नाही," मावशी म्हणाली. आयुष्यातलं पहिलं सरळसोट खोटं. मनातल्या मनात तिने स्वतःला एक चपराक दिली.

"उद्या येईल ना?"

"मी येईन," मावशी म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने पत्ते काढलेच नाहीत. गप्प राहिली तर शक्ती जाणार, त्या पोराची तीन वर्षं जाणार, आणि पुढे कधीही कुठलीही लेक बापाला 'आता' म्हणून ओरडणार नाही. बोलली तर नोकरी जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांना कळेल की चौदा महिने ती रिकाम्या खुर्चीशेजारी बसून 'आम्ही' लिहीत होती. नोकरीपेक्षा तिला ह्याचीच लाज जास्त वाटत होती, हे कबूल करायला तिला सकाळ उजाडली.

दहाला ती वर गेली. साहेब, धडाम आणि दशांश वाट बघत होते. भला मोठा पडदा, त्यापुढे दोन खुर्च्या.

"मावशी, आणि जोडीदार?" साहेबांनी विचारलं.

"आधी बघा. मग सांगते."

ती बसली. एक कंट्रोलर उजव्या हाताखाली, एक मांडीवर. तीन राक्षस आले. डावा, उजवा. डावा, उजवा. डावा, उजवा. तिन्ही आडवे.

"एकट्याच?" धडामला हसू फुटलं. "अहो मावशी, हे तर हात दाखवून अवलक्षण!"

"दाखवायलाच आणलेत हात," मावशी म्हणाली. "लांब्या जाऊन चौदा महिने झाले, साहेब. तुमचा सोमवार काही आला नाही. तेव्हापासून एकटीच खेळतेय."

दशांशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "चौदा महिने मी तुमच्या आकड्यांवर सगळा गेम बेतला! एका शब्दाने सांगायचं तरी!"

"सांगायला हवं होतं. चुकलंच माझं." मावशीने मांडीवरचा कंट्रोलर टेबलावर ठेवला. "तू लिहायचास ना, 'तुमच्या जोडीला'... ते वाचायला बरं वाटायचं रे. अख्ख्या दिवसात मला कुणी लिहिलेलं तेवढं एकच वाक्य असायचं. ते बंद होईल म्हणून बोलले नाही."

धडामने हसू गिळलं.

"पण शक्ती वाईट नाही, साहेब. माप चुकलंय," मावशी सावरून म्हणाली. "माझ्या अंगावर बेतलेलं झंपर याने आठ जोड्यांना घालायला लावलं. काल ती मुलगी 'आता' म्हणायची तेवढ्यातच सवड संपायची. तिने म्हणायचं, बापाने ऐकायचं, त्याच्या डोक्यात शिरायचं, मग बोट दाबायचं. दुसऱ्या माणसाला वेळ लागतो. तेवढी ठेवा, आणि मग बघा."

साहेबांनी दशांशकडे बोट केलं. "बस."

दशांश तिच्या उजवीकडे बसला. बंदुकीचा कंट्रोलर घेतला. त्याच्या कोपराचा धक्का तिच्या कोपराला लागला आणि मावशी उगीचच दचकली. राक्षस आला. तिने थिजवला. काहीच झालं नाही. राक्षस हलला आणि दोघांना आडवं करून गेला.

"मावशी, सांगा तरी!"

खरंच की! सांगायचं असतं, हेच ती विसरली होती. पुढच्या खेपेला तिने थिजवलं आणि म्हणाली, "आता." घोगरा, तुटका आवाज निघाला. गोळी टण. साहेबांनी सवड वाढवायला सांगितली. शून्य पॉइंट आठ. टण. एक पॉइंट दोन. हुकली, थोडक्यात. दशांशला घाम फुटला. एक पॉइंट सहा.

"आता!"

लागली! "लागली, मावशी, लागली!" दशांश खुर्चीतून अर्धा उठला. मावशी पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे तिची रिकामी झालेली शक्ती निळी निळी भरत होती, तिने न झाडलेल्या गोळीने. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

त्याच आठवड्यात आठही जोड्या परत आल्या. सवड एक पॉइंट सहा. हॉलमध्ये असा कालवा की मधल्या मजल्यावरची चित्रकार मंडळी खाली बघायला आली. "आता!" "थांब, थांब!" "अगं आता!" नवराबायको पंखा विसरले. बापाची पहिली गोळी लागली तेव्हा लेकीने त्याच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की तो खोकत सुटला. धडाम कडेला उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "बरं, राहू दे तुमचा मोती." शक्ती राहिली.

नोकरीही राहिली. साहेब रागावले नाहीत. उलट नवा माणूस द्यायचं आपल्याकडूनच राहिलं म्हणाले. पण एकाच जोडीवर विसंबायचं नाही असं ठरलं. इथून पुढे दर आठवड्याला बाहेरून नव्या जोड्या येतील. जोडीची खोली बंद. मावशीला हॉलमध्ये एकतिसावी जागा, हेडफोन, आणि एकट्याने खेळायचा दुसरा गेम. दशांश जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, येतो हं मी खाली कधीतरी." तो काही वाईट मुलगा नव्हे. पण त्याचं काम आकड्याशी होतं, आणि आकडा त्याला मिळाला होता.

शुक्रवारी दुपारी मावशी खोली आवरायला गेली. ड्रॉवर रिकामा केला. लांब्याची एक जुनी पेन्सिल निघाली, ती पिशवीत टाकली. मग एकदा, शेवटचं म्हणून, दोन्ही कंट्रोलर काढले.

डाव्याने थिजवलं, उजव्याने गोळी. राक्षस पडला. खेळून बघणाऱ्यांसाठी कोपऱ्यात उरलेली सवड दिसायची. पूर्वी तिथे शून्य पॉइंट एक उरायचं. आज उरली होती एक पॉइंट तीन. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. एवढा सगळा वेळ दुसऱ्या माणसाचा होता.

पुन्हा राक्षस आला. तिने थिजवला आणि मोठ्याने म्हणाली, "आता!" आवाज या वेळी छान, मोकळा निघाला. उजवा हात तिने टेबलावर पालथा दाबून धरला, हलू दिला नाही. सवड सरत गेली. एक. अर्धा. संपली. राक्षसाने अंग झटकलं, सावकाश चालत आला आणि दोन्ही गड्यांना आडवं केलं. शेजारची खुर्ची चौदा महिन्यांपूर्वी होती तशीच दिसत होती.

फॉर्म तेवढा उरला होता. 'खेळाडू एक' मध्ये तिने स्वतःचं नाव घातलं. 'खेळाडू दोन' वर तिची बोटं आपसूक लांब्याच्या नावाकडे निघाली, ती तिने थांबवली, आणि खरं ते टाइप केलं: कोणी नाही.

यंत्राला काय, त्याला ते नावच वाटलं. फॉर्म निमूट पुढे गेला.